उंबऱ्याचा आकडा

सांगलीच्या गावभागात प्रत्येक घराला एक आकडा असतो. दारावरच्या पाटीवर तो लिहिलेला नसतो, घरपट्टीच्या पावतीवरही नसतो. आयर्विन पुलापाशी कृष्णा किती फुटांवर गेली की पाणी आपल्या उंबऱ्याला लागतं, तो हा आकडा. समोरच्या काकूंचा 49. कोपऱ्यावरच्या गिरणीचा 47. आमचा 50 फूट 6 इंच. सरकारी हिशेबात 40 फुटांना इशारा आणि 45 फुटांना धोका, पण इथल्या बायका भाकऱ्या थापता थापता आपापल्या घराच्या आकड्यातून नदीचा आकडा वजा करत असतात. अजून किती फूट हातात आहेत, एवढंच त्यांना हवं असतं.

लग्नाला बारा वर्षं झाली तरी मला आमचा आकडा ठाऊक नव्हता. गणपतीला आणि लग्नकार्याला चार दिवस येणारी सून मी. 2022 च्या मार्चमध्ये नवऱ्याला कुपवाडच्या एमआयडीसीत काम मिळालं आणि पुण्याचं भाड्याचं घर सोडून आम्ही सांगलीचं बंद घर उघडायचं ठरवलं. मी निघाले तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, "कुलपासाठी तेलाची बाटली घेऊन जा." मग चपला घालेपर्यंत गप्प राहिल्या आणि दाराशी येऊन म्हणाल्या, "पन्नास फूट सहा इंच. ध्यानात ठेव."

आत्याबाई म्हणजे माझ्या नवऱ्याच्या आत्या. ऐन तिशीत माहेरी परत आल्या आणि पुढची चाळीस वर्षं त्यांनी ते घर एकटीनं सांभाळलं. 2005 साली पाणी 53 फुटांवर गेलं तेव्हा घरात कमरेइतकं होतं. त्या माडीवर राहिल्या, आठवड्यानं खाली उतरल्या आणि घर धुऊन काढलं. 2019 च्या ऑगस्टमध्ये मात्र पुलापाशी 57 फूट 6 इंच झालं. खालच्या मजल्यावर सात फूट पाणी. माडीच्या खिडकीतून त्यांना नावेत घेतलं, तेव्हा त्यांच्याकडे देवघरातला गणपती, बँकेचं पासबुक आणि औषधांचा डबा एवढंच होतं. त्यानंतर त्या पुण्याला आमच्याकडे आल्या. कोणी ठेकेदार बोलावून घर घाईघाईनं स्वच्छ करून घेतलं, भिंतींना पाच फूट उंचीपर्यंत सिमेंटचा गिलावा आणि वर गुळगुळीत ऑइलपेंट झाला. दोन वर्षांनी, 2021 च्या जुलैत, पाणी पुन्हा 54 च्या पुढे गेलं. या वेळी घर उघडायलाही कोणी गेलं नाही.

कुलूप तेलानं उघडलं, दार उघडेना. आतून गाळानं धरलं होतं. खांदा लावून वीतभर फट पडली, त्यातून वास आला. नदीचा वास असतो तो ओला आणि हिरवट. हा वाळलेल्या नदीचा होता. सोप्यात, माजघरात, स्वयंपाकघरात जमिनीवर गाळाचा थर होता आणि त्याला तळ्याच्या तळासारख्या भेगा पडल्या होत्या. फडताळाच्या खालच्या कप्प्यात तर दोन थर वेगवेगळे दिसत होते, भाकरीचे पापुद्रे सुटावेत तसे. खालचा 2019 चा, वरचा 2021 चा. खालच्या थरात एक वाटी रुतली होती. ती बाहेर काढायला मला खुरपं लागलं.

मी पदर खोचला आणि पाण्याची पहिली बादली ओतणार, एवढ्यात समोरच्या काकू धावत आल्या. "अगं, आधी मोरी बघितलीस का?" मोरीचं तोंड गाळानं दगडासारखं बंद झालेलं. त्यांनी मला खाली बसवून समजावलं. ओतलेलं पाणी जायला वाट नसेल तर तू गाळ धुणार नाहीस, कालवशील. म्हणून पहिले दोन दिवस आम्ही घराला हातच लावला नाही. मोरी, न्हाणी, परड्यातून बाहेर जाणारं गटार, एवढंच उपसलं. त्याच वेळी काकूंनी आणखी एक गोष्ट सांगितली. पूर दारातून येतो असं बाहेरच्यांना वाटतं. गावभागात तो आधी मोरीतून येतो. गटारं नदीला मिळतात, नदी चढली की तेच पाणी उलटं फिरतं. उंबरा कोरडा असतो आणि न्हाणीत घोटाभर पाणी असतं.

मग गाळ. वाळलेला गाळ झाडू नये हे मी पहिल्याच दिवशी शिकले, कारण तो पिठासारखा उडतो आणि छातीत बसतो. हलकं पाणी शिंपडायचं, तासभर मुरू द्यायचं, मग फावड्यानं खरवडून घमेल्यात भरायचं. दोन बायका मदतीला होत्या. आम्ही तिघींनी नऊ दिवस घमेली उचलली. वरून खाली यायचं हा क्रम: आधी माडीची जळमटं, मग जिना, मग खालच्या खोल्यांच्या भिंती आणि सगळ्यांत शेवटी फरशी. दुसऱ्या टोकानं सुरुवात केली तर एकच काम तीनदा होतं.

फरशी घासताना माझ्या हातून मोठी चूक होता होता राहिली. डाग जाईनात म्हणून मी ॲसिड आणून ठेवलं होतं. गवंडीमामा तेव्हा नुसते घर बघायला आले होते. बाटली दिसताच त्यांनी ती उचलून रस्त्यावर ठेवली. "वैनी, ही शहाबादी हाय. चुनखडीचा दगुड. आसिड टाकला की उकळतुया आन खातुया." शहाबादी ॲसिडनं झिजते, खडबडीत होते आणि मग कायम मळ धरते. ती आम्ही काथ्यानं आणि साध्या सोड्यानं घासली. चौथ्या दिवशी माजघरातली एक फरशी पावसाळी आभाळाच्या रंगाची दिसली. त्या रात्री मी पुण्याला फोन केला आणि आत्याबाईंना फक्त तेवढंच सांगितलं. पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही.

हे गवंडीमामा हरिपूरचे. हरिपूर सांगलीला लागूनच, कृष्णा आणि वारणा जिथे भेटतात तिथे. सांगलीचा पूर समजून घ्यायचा तर त्या संगमावर जाऊन उभं राहावं. कोयनेतून किती क्युसेक्स सोडले हे सगळे विचारतात, आणि 105 टीएमसी, म्हणजे 105 अब्ज घनफूट पाणी साठवणाऱ्या धरणाबद्दल ते विचारायलाच हवं. पण खाली वारणाही दुथडी भरून आली असेल तर कृष्णेचं पाणी पुढे सरकत नाही. ते फुगतं आणि गावात पसरतं. मामांना हे कोणी शिकवलं नव्हतं. त्यांचे वडील हरिपुरात हळदीची पेवं खणायचे. तोंड लहान, पोट मोठं, असा जमिनीतला खोल खड्डा. त्यात हळद भरून तोंड मातीनं लिंपलं की वर्षानुवर्षं कीड लागत नाही. सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात या पेवांचाही वाटा आहे. 2005 च्या पुरात पाणी पेवांत शिरलं, माती ढासळली, कितीतरी पेवं निकामी झाली. "माती कोरडी हाय तंवर ती राखतीया," मामा म्हणाले. "येकदा वली झाली की तिला वळखायला लागतं."

त्यांनी भिंतीवर पालथा हात ठेवला. आम्ही कपाळाला हात लावून ताप बघतो तसा. मग सिमेंटच्या गिलाव्यावर हातोडीच्या मागच्या बाजूनं टकटक केलं. पोकळ आवाज आला. हलकासा घाव घातल्यावर हातभर लांबीचा तुकडा निखळून पडला आणि मागची वीट दिसली. भिजलेल्या पावासारखी. बोटानं उकरली तर भुगा हातात आला, त्यावर मिठासारखे पांढरे कण. लोणा.

घर जुनं आहे. खाली काळा दगड, वर भाजक्या विटा, मधे सगळा चुना. अशी भिंत खालून पाणी पिते आणि दोन्ही अंगांनी ते सोडते. तिला सिमेंट लावलं की सोडायची वाट बंद होते. मग ओल वर चढते. आमच्याकडे सिमेंट पाच फुटांपर्यंत होतं आणि ओलीचा पट्टा आठ फुटांवर. पाण्याबरोबर आलेले क्षार गिलाव्याच्या मागे स्फटिक होऊन फुगतात, विटेला आतून फोडतात. वरून गुळगुळीत रंग, आत पीठ. हे काम ज्यानं केलं त्याच्या मनात काही वाईट असेल असं मला वाटत नाही, पुरानंतर सगळ्यांनाच भिंती लवकर झाकायच्या होत्या. तरी त्या दोन वर्षांत पाण्यापेक्षा जास्त नुकसान त्या झाकण्यानं केलं, असं मला आजही वाटतं आणि ओळखीच्या प्रत्येकाला मी ते सांगते.

"काढा सगळं," मी म्हणाले.

"काढतो. पर मग लावायचं न्हाई लगीच. ह्यो उन्हाळा सुकू दे. पावसाळा बघू. दसऱ्याला चुना लावू."

दसरा! आमचा पुण्याचा करार मे अखेरीला संपत होता, जूनच्या मध्यावर शाळा सुरू होणार होत्या. नवरा त्या शनिवारी आला, नागड्या भिंती बघितल्या आणि ओट्यावर बसून राहिला. त्याचं म्हणणं चूक नव्हतं. मुलगी अकरा वर्षांची, धाकटा सहाचा, सत्तरी ओलांडलेल्या आत्याबाई, अशा उघड्या विटांच्या घरात कसं आणायचं त्यांना? आमचं चांगलंच वाजलं. दोन दिवस आम्ही कामापुरतं बोललो. मग तो कुठूनतरी प्लास्टिकचा जाड कागद घेऊन आला, हातभर चौकोन कापून भिंतीला चारी बाजूंनी चिकटपट्टीनं पक्का लावला. सकाळी कागदाच्या आतून थेंब जमले होते. त्यानंतर दर शनिवारी तो तोच प्रयोग करायचा आणि वहीत लिहायचा. एप्रिलभर थेंब. मेच्या मध्यावर नुसती वाफ. मेच्या शेवटच्या आठवड्यात माजघराची उत्तरेची भिंत सोडून बाकी सगळीकडे कागद कोरडा. ती वही बघून त्यानंच ठरवलं की जूनमध्ये राहायला यायचं, पण माडीवर. खालचं घर दसऱ्यापर्यंत भिंतींचं.

मधल्या काळात आड उपसला. परड्यातल्या त्या आडात उतरण्याआधी मामांनी दोरीला कंदील बांधून सोडला. तो विझला. तासाभरानं पुन्हा सोडला, पुन्हा विझला. दिवसभर आड उघडा ठेवून दुसऱ्या सकाळी कंदील तळाशी जळत राहिला तेव्हाच माणूस उतरला. पेवात उतरायच्या आधीही असंच करतात म्हणे, बंद जागेतली हवा माणसाला फसवते. आडातून तीन कळशा, पितळी तांब्या, एक लहान मुलाची चप्पल निघाली. चप्पल आमच्या घरातली नव्हती. कोणाची, कुठून वाहत आली, कळायला मार्ग नाही. मी ती धुऊन कोनाड्यात ठेवली, कारण फेकायला हात धजेना. टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकून आडाचं पाणी दोनदा उपसलं. प्यायला आम्ही ते वापरत नाही, पण परड्यातली जास्वंद आणि धुणं त्यावरच चालतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही पाचजण माडीवरच्या दोन खोल्यांत आलो. खिडकीखाली गॅस, जिन्याच्या तोंडाशी पिण्याच्या पाण्याचा माठ, खाटा एकमेकींना लागून. मुलीला पुण्याच्या मैत्रिणी सुटल्याचं दुःख होतं, ती जिन्याच्या मधल्या पायरीवर बसून अभ्यास करायची, ना वर ना खाली. कौलांवर पाऊस लागला की बोललेलं ऐकू यायचं नाही. खाली दिवसभर खिडक्या उघड्या, विटांमधून वारा. परड्यात लोखंडी पिंपात चुना मुरत होता. मामांनी कळीचा चुना विरवला त्या दिवशी मुलांना मी जिन्यावर थांबवलं होतं. थंड पाण्यात पांढरे खडे पडले आणि पाणी बुडबुडे देत उकळायला लागलं, आगीशिवाय. धाकटा आठवडाभर त्याच्याबद्दलच बोलत होता. मग त्यावर पाणी राखून, झाकण घालून, चार महिने तसाच ठेवला. जितका मुरेल तितका लोण्यासारखा होतो.

आत्याबाई पहिल्या दिवशी खालच्या घरात फिरल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी परड्यात गेल्या आणि चिंचेखाली काठीनं जमीन उकरायला लागल्या. तिथे त्यांचा पाटा होता. 2019 च्या आधी धुऊन वाळत उभा केलेला, गाळाखाली गेलेला. आम्ही खणून काढला. वरवंटा नाही सापडला. पाटा गुळगुळीत झाला होता, वाटण धरणार नाही असा. पुढच्या महिन्यात रस्त्यावर "टाकीयेऽ" अशी हाक आली तेव्हा त्या माडीवरून माझ्या आधी खाली पोचल्या. बाई ओसरीवर बसून छिन्नीनं टाके घालत होती आणि आत्याबाई समोर मांडी घालून बसल्या होत्या. दगडाच्या बारीक कपच्या त्यांच्या लुगड्यावर उडत होत्या, त्या त्यांनी झटकल्या नाहीत. काम झाल्यावर त्यांनी त्या बाईला चहा दिला आणि मग पहिल्यांदा मागे वळून माजघरात गेल्या. भिंतीवरून हात फिरवत एका जागी थांबल्या. "इथं होतं," म्हणाल्या. तिथे खूण काहीच नव्हती, गिलाव्याबरोबर ती गेली होती. पण त्यांचा हात बरोबर सात फुटांच्या जरा खाली होता. एवढ्या उंचीवर पोचायला त्यांना टाचा उचलाव्या लागल्या.

दसऱ्यानंतर चुना लागला. मुरलेला चुना, वाळू, सुर्खी म्हणजे विटांचा चुरा, गुळाचं पाणी. सिमेंटसारखा तो एका रात्रीत घट्ट होत नाही. हवेतून थोडं थोडं घेत महिनोन्‌महिने पक्का होत राहतो, म्हणून दोन थरांमध्ये मामांनी भरपूर दिवस जाऊ दिले आणि रोज हलकं पाणी मारायला लावलं. सागवानी खांबांवरचा रंग खरवडून अळशीचं तेल चढवलं. ते खांब तीन महापुरांत उभे होते, त्यांच्याखाली दगडी तळखडे आहेत, लाकूड कुठेही जमिनीला टेकत नाही. पूर्वीच्या सुतारांनी नदी ओळखूनच घर उभं केलं होतं. आठवडाभर पाण्यात राहून सागाची दारं नुसती फुगली आणि सावकाश वाळून पुन्हा चौकटीत बसली. प्लायवुडचं कपाट मात्र पुरीसारखं फुगून सुटलं होतं.

त्यावरून आम्ही पुढचं सगळं ठरवलं. पाणी घरात येऊ द्यायचं नाही, असा हट्ट आम्ही सोडला. येईल, मुक्काम करेल, जाईल, आणि नंतर आठ दिवसांत धुता येईल असं घर करायचं. खाली एकही प्लायवुड नाही. स्वयंपाकघरात कडप्प्याची फडताळं. विजेचा मीटर आणि इन्व्हर्टर माडीवर, खालच्या मजल्याचा खटका वेगळा, म्हणजे खालचं बंद करून वर दिवा राहतो. फ्रिज माडीवर आहे, पाहुण्यांना नवल वाटतं, आम्हाला सवय झाली. सिलिंडर भिंतीला साखळीनं बांधलेला, कारण पुरात तो तरंगतो. मोरीच्या नळाला उलटं पाणी अडवणारी झडप, शिवाय वाळूच्या दोन पिशव्या जिन्याखाली कायम भरलेल्या.

लोक विचारतात, निळ्या-लाल पूररेषेच्या आत कशाला राहायचं? सोसायटीतला फ्लॅट घ्यायचा विश्रामबागेत. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभरांतून एकदा येणाऱ्या. आमच्या उंबऱ्याला 2005 ते 2021 या सोळा वर्षांत तीनदा पाणी लागलं, म्हणजे रेषांचा हिशेब आमच्या घरापुरता केव्हाच मोडला आहे. मी कोणाला इथे या म्हणणार नाही. पावसाळ्यात झोप सावध होते, कोयनेच्या दरवाज्यांची बातमी ऐकल्याशिवाय जेवण जात नाही, आणि लहान बाळ किंवा आजारी माणूस असतं तर मीही इथे आले नसते. पण ज्या घरात एका बाईनं चाळीस वर्षं काढली ते नुसतं कुलूप लावून भुगा होऊ द्यायचं, हे मला पटत नव्हतं आणि नाही.

एका जुलैत आडाचं पाणी अचानक वर आलं. नदी चाळिशीला टेकली होती. आत्याबाईंचा नियम असा की चाळीसला सामान हलवायला लागायचं, पन्नासची वाट बघायची नाही, कारण रात्री पाणी किती वेगानं चढेल ते कोणी सांगू शकत नाही. मुलगी मोबाइलवर तासातासाचा आकडा मोठ्यानं वाचत होती. धाकटा भांडी पायरीपायरीवरून वर पोचवत होता. धान्याचे डबे, अंथरुणं, कागदपत्रांची पेटी, शिलाई मशीन, आणि शेवटी नवऱ्यानं आणि मी दोन बाजूंनी धरून पाटा. रात्री साडेअकराला खालचं घर रिकामं होतं. पांढऱ्या भिंती, कोनाड्यातली ती चप्पल, आणि स्वच्छ शहाबादी. मी खटका बंद केला आणि वर गेले.

पहाटे मुलीनं आकडा वाचला. चार इंच उतरलं होतं. दुपारपर्यंत फूटभर. दुसऱ्या दिवशी आम्ही डबे खाली आणायला लागलो. लोणच्याची बरणी मी उचलली तशी आत्याबाईंनी मान हलवली.

"ती राहू दे वर," म्हणाल्या. "अजून ऑगस्ट जायचाय."